चार रूपांचं क्रियापद

संस्कृतच्या तासाला ‘गम् चालव’ म्हटलं, की तीन पुरुष आणि तीन वचनं मिळून नऊ रूपं एका दमात म्हणावी लागत, आणि ती झाली एकाच लकाराची. लकार दहा. इंग्रजीतलं एखादं नियमित क्रियापद याच पद्धतीने चालवायला घेतलं, तर ते चार पावलांत थांबतं: वॉक, वॉक्स, वॉकिंग, वॉक्ड. पाचवं रूप नाही. वर्गात ज्यांना ‘व्ही टू’ आणि ‘व्ही थ्री’ म्हणतात, ती दोन्ही रूपं इथे एकच. अनियमित म्हणून ज्यांचा तक्ता भिंतीवर लावतात तेवढी क्रियापदं सोडली, तर इंग्रजीतली बाकीची हजारो क्रियापदं याच चार रूपांत बसतात. मग त्यांच्यासाठी वेगळं पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे.

उत्तर कुठल्याही कचेरीतल्या ई-मेलमध्ये सापडतं. मराठी माध्यमातून शिकलेला, पदवी घेतलेला, रोज इंग्रजीत लिहिणारा माणूस ‘वेन्ट’ किंवा ‘टूक’ सहसा चुकवत नाही, कारण ‘गो-वेन्ट-गॉन, टेक-टूक-टेकन’ हे त्याने पाढ्यांसारखं घोकलेलं असतं. तो अडतो ते सोप्या जागी. ‘ही वर्क इन पुणे’ असं लिहितो, ‘आय डिड नॉट रिसीव्ह्ड’ असं लिहितो, आणि ‘आय हॅव कॉल्ड यू यस्टरडे’ असं फोनवर सांगतो. रिसीव्ह, वर्क, कॉल ही तिन्ही क्रियापदं अगदी नियमित, आज्ञाधारक. त्यांची रूपं त्याला येतात. रूप कुठे लावायचं आणि कुठे लावायचं नाही, तिथे गाडी अडते.

याचं कारण त्याच्या अभ्यासातल्या कच्चेपणात शोधण्यापेक्षा मराठीच्या श्रीमंतीत शोधावं असं मला वाटतं. मराठी क्रियापद एकट्याने केवढं ओझं वाहतं ते बघा. चालतो, चालते, चालतोस, चालतेस, चालतं, चालता, चालतात: हा नुसता साधा वर्तमानकाळ. यात बोलणारा पुरुष की बाई, एक की अनेक, समोरच्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, हे सगळं क्रियापदाच्या शेपटावरून कळतं. कर्ता उच्चारायचीसुद्धा गरज नाही. ‘चाललीस?’ एवढं म्हटलं की पुरे. इंग्रजीत ‘वॉक्ड?’ म्हणून पाहा. ऐकणारा तोंडाकडे बघत राहील.

भूतकाळात तर आपलं क्रियापद कर्त्याला सोडून थेट कर्माच्या मागे जातं. मी दरवाजा उघडला, मी खिडकी उघडली, मी दार उघडलं, मी डबे उघडले, मी पेट्या उघडल्या. उघडणारा मीच, पण क्रियापद दर वेळी उघडल्या गेलेल्या वस्तूचं लिंग-वचन घेऊन येतं. कर्मणी प्रयोग म्हणून आपण हे शाळेत शिकतो, पण शिकण्याआधीच ते जिभेवर बसलेलं असतं. या पाचही वाक्यांना इंग्रजीत शब्द एकच: ओपन्ड. मी उघडलं काय, तिने उघडलं काय, एक उघडलं काय, दहा उघडली काय, ओपन्ड. इतक्या दारिद्र्याची मराठी माणसाला सवय नसते. त्याला सतत वाटत राहतं की आपण काहीतरी लावायचं विसरलो आहोत, आणि मग तो नको तिथे लावतो.

इंग्रजीतही हे सगळं पूर्वी बरंच होतं. चारशे वर्षांपूर्वीपर्यंत ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ होता आणि त्याच्यासोबत ‘वॉकेस्ट’ असं रूप होतं. ‘तो’ला ‘वॉकेथ’ होतं. ‘यू’ने ‘दाऊ’ला हळूहळू बाहेर काढलं, तेव्हा ‘एस्ट’ही गेला. ‘एथ’ला मात्र वारस मिळाला. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत या जागी ‘एस’ लावायची पद्धत होती आणि ती दक्षिणेकडे सरकत लंडनपर्यंत आली. शेक्सपिअरच्या लिखाणात ‘हॅथ’ आणि ‘हॅज’ दोन्ही भेटतात. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलने जुना ‘एथ’च धरून ठेवला, पण रोजच्या बोलण्यात तोवर ‘एस’चं पारडं जड होत होतं. म्हणजे आपल्या शाळांत ‘ही-शी-इटला एस लागतो’ म्हणून जे शिकवतात, तो इंग्रजी क्रियापदाच्या जुन्या वैभवाचा एकुलता एक अवशेष आहे. पुरुष आणि वचन दाखवणारं नियमित क्रियापदात दुसरं काहीही उरलेलं नाही. बरं, हा अवशेषही फक्त वर्तमानकाळात. भूतकाळात तोही नाही. अर्थाच्या दृष्टीने त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. ‘ही वर्क’ म्हटलं तरी कुणाचा गैरसमज होत नाही. म्हणूनच तो सुटतो, आणि सुटला की शिक्षणाची परीक्षा तिथेच घेतली जाते.

मग ओझं गेलं कुठे? सहायक क्रियापदांकडे. मुख्य क्रियापद हलकं झालं आणि पुढे डू, बी, हॅव, विल यांची रांग उभी राहिली. या रांगेचे दोनच कायदे आहेत आणि ते कळले की पुस्तकाचा निम्मा भाग वाचायची गरज उरत नाही. पहिला: काळाची खूण एकदाच लागते आणि ती रांगेतल्या पहिल्या क्रियापदाला लागते. दुसरा: प्रत्येक सहायक आपल्या लगेच पुढच्या क्रियापदाचं रूप ठरवतो. डू आणि विलच्या पुढे मूळ रूप, बीच्या पुढे ‘आयएनजी’, हॅवच्या पुढे तिसरं रूप. ‘शी हॅज बीन वर्किंग’ हे वाक्य घ्या. पहिला हॅज, काळ आणि ‘एस’ दोन्ही त्याने घेतलं. हॅवच्या पुढे तिसरं रूप हवं, म्हणून बीचं बीन झालं. बीच्या पुढे आयएनजी हवं, म्हणून वर्किंग. वर्कला स्वतःला काही ठरवायचं नाही. नोम चॉम्स्कीने १९५७च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात ही सगळी भानगड एका ओळीच्या सूत्रात बसवून दाखवली होती, आणि पाणिनी वाचलेल्या माणसाला ते सूत्र बघून घरच्यासारखं वाटावं.

‘डिड नॉट रिसीव्ह्ड’ची गोम आता कळते. मराठीत नकार आला तरी भूतकाळ मुख्य क्रियापदावरच राहतो: पत्र मिळालं, पत्र मिळालं नाही. ‘नाही’ने ‘मिळालं’ला हात लावला नाही. इंग्रजीत नकारासाठी ‘डू’ला बोलवावं लागतं, तो रांगेत पहिला उभा राहतो, भूतकाळ स्वतःकडे घेऊन ‘डिड’ होतो, आणि मागे राहिलेलं क्रियापद कोरं होतं. हा डूसुद्धा तसा उशिरा आलेला पाहुणा आहे. जुन्या इंग्रजीत नकार थेट लावत: ‘आय नो नॉट’. डूचा वापर सोळाव्या शतकात वाढत गेला आणि पुढच्या शेदीडशे वर्षांत पक्का झाला. ‘आय नो नॉट’ टिकलं असतं, तर मराठी माणसाचे बरेच मार्क वाचले असते.

आता काळांची संख्या. आपल्याकडे इंग्रजीचे बारा काळ हे बारा राशींइतकं पक्कं आहे: वर्तमान, भूत, भविष्य, आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि पूर्ण-अपूर्ण असे चार प्रकार. स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा पहिला महिना या तक्त्यावर जातो. हा तक्ता इंग्रजीच्या जुन्या व्याकरणकारांनीही जसाच्या तसा मानलेला नव्हता. लिंडली मरेचं १७९५चं व्याकरण एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी होतं. त्यात काळ सहा, लॅटिनच्या नमुन्यावर. त्याआधी १७६१ साली जोसेफ प्रीस्टली, म्हणजे पुढे ऑक्सिजनमुळे प्रसिद्ध झालेला तोच, आपल्या व्याकरणात स्पष्टच म्हणून गेला होता की इंग्रजीला भविष्यकाळाशी काही देणंघेणं नाही, कारण त्यासाठी क्रियापदाचं रूपच बदलत नाही. आजचे मोठे व्याकरणग्रंथ, १९८५चा क्वर्क आणि मंडळींचा आणि २००२चा हडलस्टन-पुलम यांचा, प्रीस्टलीच्याच बाजूचे आहेत. काळ दोन: वॉक आणि वॉक्ड. बाकी सगळं सहायकांचं काम.

मला हे मत पटतं, आणि ते शिकणाऱ्याच्या सोयीचंही आहे. बारा खोल्यांत बारा रूपं ठेवलेली आहेत असं समजलं की माणूस पाठांतराला लागतो. दोन काळ आणि एक रांग असं समजलं की तो वाक्य घडवायला लागतो. तरी बारा काळांचा तक्ता या पुस्तकाच्या अखेरीस दिला आहे. परीक्षेत तो विचारतात, आणि शिक्षकांना वर्गात त्याच नावांनी बोलावं लागतं. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त त्या तक्त्यापासून सुरुवात करू नये एवढाच आग्रह.

भविष्याबद्दल इथे फार लिहीत नाही. विल लावा, ‘गोइंग टू’ लावा, किंवा वेळापत्रकातली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ वापरा. ‘उद्या सकाळी निघतो’ असं आपणही म्हणतोच. ‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकीच्यांना विल हा जुना नियम १६५३ सालच्या जॉन वॉलिसच्या व्याकरणापासून चालत आलेला आहे. आमच्या पिढीने तो पाठ केला. आता तो इंग्लंडातही फारसं कुणी पाळत नाही.

आता या पुस्तकाचा खरा नायक, ‘ईडी’ हा प्रत्यय. जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश या सगळ्या जर्मानिक भाषांत भूतकाळ दाखवायच्या दोन तऱ्हा आहेत. जुनी तऱ्हा क्रियापदाच्या पोटातला स्वर बदलायची: सिंग-सँग, राइड-रोड. नवी तऱ्हा शेवटी ट किंवा ड लावायची. ही नवी तऱ्हा आली कुठून, याचं सर्वांत प्रचलित उत्तर असं, की हा प्रत्यय म्हणजे ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचं, आजच्या ‘डिड’च्या पूर्वजाचं, झिजलेलं रूप आहे. दोनेक हजार वर्षांपूर्वीचे ते लोक स्वर बदलण्याच्या जुन्या साच्यात न बसणाऱ्या शब्दांपुढे ‘केलं’ जोडत आणि काम भागवत; जोडता जोडता ते ‘केलं’ शब्दाला चिकटून बसलं. तपशिलावर विद्वानांचे वाद आहेत, पण मराठी वाचकाला ही कल्पना विचित्र वाटायचं कारण नाही. आपण दिवसभर हेच करतो. फोटो फॉरवर्ड केला, फाइल डाउनलोड केली, रिचार्ज केलं, नंबर सेव्ह केला. परका शब्द आला की त्याला आपल्या रूपांत चालवायच्या फंदात आपण पडत नाही, मागे ‘करणे’ उभं करतो आणि लिंग-वचन-काळ सगळं त्याच्याकडून वाहून घेतो. आपलं ‘केलं’ अजून सुटं आहे, त्यांचं चिकटलं, एवढाच फरक.

‘ईडी’ची दुसरी शाखा आणखी जवळच्या नात्यातली आहे. तिसऱ्या रूपातला ‘ईडी’, म्हणजे ‘बॉइल्ड एग’मधला, हा संस्कृतातल्या ‘कृत’, ‘श्रुत’, ‘लिखित’ यांतल्या ‘त’ प्रत्ययाचा सख्खा भाऊबंद. दोन्ही एकाच आदिम भारत-युरोपीय प्रत्ययातून आले. जुन्या इंग्रजीत भूतकाळाचं रूप आणि हे विशेषणासारखं रूप वेगळी ओळखू येत असत. शेवटच्या अक्षरांची झीज झाली तशी ती एकमेकांत मिसळली. त्यामुळे आज व्ही टू आणि व्ही थ्री एकसारखे दिसतात, आणि मुलांना वाटतं की पुस्तकवाल्याने एकच शब्द दोनदा छापला.

उच्चाराचा भाग मात्र थांबून वाचावा अशी विनंती आहे. लिहिताना ‘ईडी’ एकच. बोलताना त्याचे तीन आवाज होतात. वॉक, स्टॉप, लाफ, मिस, वॉश, वॉच यांच्यापुढे तो ‘ट’ ऐकू येतो: वॉक्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, मिस्ट. ओपन, कॉल, रॉब, प्ले यांच्यापुढे ‘ड’: ओपन्ड, कॉल्ड, रॉब्ड, प्लेड. आणि मूळ शब्दच ट किंवा ड वर संपत असेल तर ‘इड’ असं वेगळं अक्षर: वॉन्टिड, नीडिड. इंग्रजी पुस्तकं हा नियम समजावताना घशावर बोट ठेवून कंप जाणवतो का ते बघायला सांगतात. आपल्याला बोट ठेवायची गरज नाही. आपली वर्णमालाच तशी मांडलेली आहे. क, च, ट, त, प हे अघोष; ग, ज, ड, द, ब हे घोष; स्वर सगळे घोष. अघोषामागून अघोष ट, घोषामागून घोष ड. नियम एवढाच.

आणि हा नियम आपल्या घरातही आहे. लभ् या धातूला त लावला की लब्ध होतं, लभ्त होत नाही. बुध् आणि त मिळून बुद्ध. दह् पासून दग्ध. मूळ धातूचा शेवटचा वर्ण भ, ध, ह असा घोष महाप्राण असला की मागून आलेला त त्याच्यासारखा घोष होऊन ध होतो. ‘रॉब’ला लागलेला प्रत्यय ड ऐकू येतो तोही याच न्यायाने. प्रत्यय त्याच घराण्यातला, खोडही तीच. व्यंजनसंधी शिकवणाऱ्या मराठीच्या बाईंनी आणि ईडी शिकवणाऱ्या इंग्रजीच्या सरांनी एकदा एकत्र तास घेतला, तर मुलांचं बरंच काम हलकं होईल.

‘एस’चंही तसंच: वॉक्समध्ये स, ओपन्समध्ये झच्या जवळचा, वॉचेसमध्ये इझ. ज्याला एक आलं त्याला दुसरं आलंच.

व्यवहारात काय होतं तेही बघा. ‘मिस्ड कॉल’ हा आता मराठीच शब्द झाला आहे, पण तोंडात तो ‘मिस कॉल’ असतो. गाड्यांवरच्या पाट्यांवर ‘फ्राय राईस’ असतो, ‘बॉईल अंडी’ असतात. यावर नाक मुरडायचं कारण नाही. दोन-तीन व्यंजनं लागोपाठ आली की मधलं गळणं हा जिभेचा स्वभाव आहे आणि इंग्रजांची जीभही तशीच. ‘आइस क्रीम’ हे मुळात ‘आइस्ड क्रीम’ होतं. त्यातला ड त्यांनीच गिळला. पण बोलताना गळलेला ड लिहिताना परत यायला हवा, आणि कानाने शिकलेल्या माणसाचा घोळ नेमका तिथे होतो. उलट, पुस्तकातून शिकलेला माणूस ‘वॉकेड’, ‘हेल्पेड’ असा प्रत्येक ईडी ठणठणीत उच्चारतो. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की एके काळी इंग्रजही असंच बोलत. ईडीतला स्वर गिळायची लाट आली, तेव्हा जोनाथन स्विफ्टने १७१२ साली भाषा सुधारण्याच्या आपल्या प्रस्तावात या गिळागिळीबद्दल जाहीर त्रागा केला होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. विद्वान या अर्थाचा ‘लर्नेड’, शिवाय ‘ब्लेसेड’, ‘विकेड’, ‘नेकेड’ अशा काही विशेषणांत तो जुना स्वर अजून शाबूत आहे.

स्पेलिंगचे नियम पुस्तकात सविस्तर आहेत, इथे त्यांतल्या एकाचंच कारण सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. ‘स्टॉप’चं ईडी रूप लिहिताना पी दोनदा का? कारण एक पी लिहिला तर आधीच्या ओचा उच्चार बदलतो. ‘हॉप’ म्हणजे एका पायावर उडी मारणं आणि ‘होप’ म्हणजे आशा करणं. दोघांना ईडी लावल्यावर वेगळेपण टिकवणारा तो जास्तीचा पी आहे. दुहेरी पी म्हणजे मागचा स्वर ऱ्हस्व, एकेरी म्हणजे दीर्घ. ‘प्रिफर’ला आर दोनदा लागतो आणि ‘व्हिजिट’ला टी एकदाच, कारण पहिल्यात जोर शेवटच्या अक्षरावर आहे, दुसऱ्यात नाही. ‘ट्रॅव्हल’ या नियमाने एका एलवर भागायला हवं. अमेरिकेत भागतंही, नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशात तसंच ठेवलं. इंग्रजांनी दोन एल ठेवले आणि आपण त्यांच्या मागून गेलो. पुण्यात इंग्रजी शिकून न्यू जर्सीत नोकरीला गेलेल्याला तिथला संगणक या शब्दाखाली लाल रेघ मारतो, ती त्याच्या अज्ञानाची नसते.

रूपं येऊनही काळ चुकतो त्याच्या दोन जागा मराठी माणसाच्या खास आहेत. ‘मी हा सिनेमा कालच पाहिलाय’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. आपल्या ‘पाहिलाय’ला कालचं वावडं नाही. इंग्रजीतला ‘हॅव’ मात्र नेमकी वेळ आली की उठून जातो: काल, परवा, सोमवारी, २०१९ साली, यांतलं काहीही वाक्यात असेल तर नुसता ईडी, हॅव नाही. दुसरी जागा ‘आयएनजी’ची. तो अपूर्ण काळ आपल्याला इतका आवडतो, की समजणं, असणं, आवडणं अशा स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांनाही आपण तो लावतो. मुंबईच्या बेने इस्रायली कुटुंबातले कवी निस्सीम इझिकेल यांनी या भारतीय आयएनजीवर ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही अख्खी कविता उभी केली. ती वाचताना हसू येतं आणि थोडं लागतंही. इझिकेल आपल्यातलेच असल्यामुळे ते चालून जातं. मराठीची एक गंमत जाता जाता: ‘तो घरी चाललाय’ यातलं रूप दिसायला पूर्ण काळाचं, अर्थ मात्र अजून वाटेतच असल्याचा. ज्यांच्या भाषेत हे सहज चालतं, त्यांना इंग्रजीच्या पूर्ण-अपूर्णाची सीमारेषा हट्टी वाटली तर नवल नाही.

हे पुस्तक नियमित क्रियापदांपुरतं ठेवलं यावर काही मित्रांनी हरकत घेतली. रोज लागणारी क्रियापदं तर अनियमितच, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी पहिली दहा क्रियापदं, बी, हॅव, डू, गो, से वगैरे, एकूण एक अनियमित आहेत. त्यांचं अनियमितपण टिकलं ते याच कारणाने. रोज वापरात असलेलं रूप विसरलं जात नाही. २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा पाठपुरावा केला होता. आज त्यांतली ९८ अनियमित उरली आहेत. जे क्रियापद शंभर पटींनी कमी वापरात, ते दहा पटींनी लवकर ईडीच्या वाटेला लागतं, असा हिशेब त्यात निघाला. हेल्प हे पूर्वी अनियमित होतं. ज्याला आपण इथे नमुन्यादाखल चालवतो आहोत त्या वॉकच्या पूर्वजाचाही भूतकाळ पोटातला स्वर बदलून होत असे. अधूनमधून कुणी उलटाही जातो: किंग जेम्स बायबलात ‘डिग’चा भूतकाळ ‘डिग्ड’ आहे, आज तो ‘डग’. पण नवा शब्द आला की त्याला दारातच ईडी मिळतो. गुगल या नावाचं क्रियापद झालं आणि दुसऱ्या दिवशी ‘गुगल्ड’ झालं. त्यासाठी कुणाला बैठक घ्यावी लागली नाही.

लहान मुलांना ही शक्ती फार लवकर येते. जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून बनावट क्रियापदं दिली. हा माणूस ‘रिक’ करतोय, काल त्याने हेच केलं, मग काल त्याने काय केलं? मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाला ईडी लावून दाखवला. जिथे बनावट शब्द ट किंवा ड वर संपत होता, जसं ‘मॉट’, तिथे मात्र बरीच मुलं अडखळली. त्यांना तो शब्द आधीच भूतकाळातला वाटला असावा. म्हणजे ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’ ही जागा इंग्रजी मातृभाषा असलेल्या पोरांनाही अवघड जाते.

म्हणून पहिल्या भागात सरावाची वाक्यं मुद्दाम ट-ड वर संपणाऱ्या क्रियापदांपासून सुरू केली आहेत: वॉन्ट, नीड, स्टार्ट, वेट, व्हिजिट, रिपोर्ट. त्यांतला ईडी वेगळं अक्षर असल्यामुळे कानाला स्पष्ट ऐकू येतो आणि गिळला जात नाही. ‘ड’वाली त्यानंतर, ‘ट’वाली सर्वांत शेवटी. नेहमीच्या पुस्तकांत हा क्रम उलटा असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे आजच्या मुलांचा कान पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या त्यांच्या पालकांपेक्षा तयार असतो. हे पुस्तक दोघांनी मिळून वाचावं असं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. धडे मोठ्याने वाचायचे आहेत, मनात नाही. प्रत्येक धड्यात आधी होकार, मग डिडचा नकार, मग प्रश्न, अशी तीनच वाक्यं एका क्रियापदाची आहेत; ती तोंडात बसेपर्यंत पुढच्या पानावर जाऊ नये. उत्तरं मागे छापलेली नाहीत, कारण वरचे दोन कायदे लावले की प्रत्येक उत्तर ज्याचं त्याला तपासता येतं.